आयरिशच्या तासाला बाहेर

आमच्या मुलीला शाळेत आयरिश शिकवत नाहीत हे मला दाताच्या डॉक्टरमुळे कळलं.

अपॉइंटमेंट सकाळची होती. कंपनीतून थोडी सुट्टी काढून मी तिला न्यायला शाळेत गेले. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कासलबार गावातली ती साधीशी प्राथमिक शाळा. आम्हाला पुण्याहून तिथे जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मुलगी आठ वर्षांची होती. नवरा डब्लिनमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत, शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारी परत जायचा. मी तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या प्लांटमध्ये. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या आम्ही बनवायचो आणि त्यांत जंतू नाहीत ना, हे बघणं माझं काम होतं. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. तिच्या शाळेतलं सगळं आपल्याला माहीत आहे अशी माझी खात्री होती.

वर्गाच्या बाहेर, कोट टांगायच्या खुंट्यांखाली, एका बुटक्या टेबलाशी ती एकटीच बसलेली दिसली. समोर जिगसॉ. आतून सगळा वर्ग एका सुरात काहीतरी घोकत होता.

"काय गं, शिक्षा झालीय का?"

"नो, मॅमी. इट्स जस्ट आयरिश."

विमानात बसताना मी 'आई' होते, पहिल्या नाताळापर्यंत 'मॅमी' झाले. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये, तेही तिथल्या हेलात, उत्तर द्यायचं, हे तोवर नेहमीचं झालं होतं. मी विचारलं, रोज इथे बसतेस? तर म्हणाली, रोज. का? तिने जिगसॉचा तुकडा फिरवून फिरवून बसवला आणि अगदी सहज सांगितलं की मी आयरिश नाहीये ना, म्हणून.

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. बाहेर ऊन नाही, आज गुरुवार आहे, तसं ते सांगणं होतं. डॉक्टरकडे तिच्या दातात काय निघालं ते मला आज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना भेटले. पन्नाशीचे, गोरेपान, गालांवर लालसर रेघा असलेले गृहस्थ. त्यांनी उठून खुर्ची दिली, स्वतः चहा ओतला, दूध पुढे केलं.

"अहो, तिच्यावर कशाला ओझं?" ते म्हणाले. "आमचीच पोरं कंटाळतात त्या तासाला. आम्हाला वाटलं, तिची सुटका केली तर तिला बरंच वाटेल."

"नियमात अशी सूट आहे?"

"मोठं होऊन बाहेरून आलेल्या मुलांना असते. हिचं वय तसं बसत नाही म्हणा. पण कोण बघतंय? ती तिथे ग्रँड आहे."

ग्रँड, म्हणजे छान, मजेत. हा शब्द त्या गावात सगळीकडे पातळ लोण्यासारखा फासलेला असतो. पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, खुंट्यांखाली एकटं बसवलेली पोर ग्रँड.

"आणि खरं सांगायचं तर," ते पुढे म्हणाले, "ती ही भाषा बोलणार कुठे? दोन-तीन वर्षांत तुम्ही परत जालच."

"तुम्ही बोलता कुठे?" मी विचारलं.

ते मनापासून हसले. "मी? मी शिकवतो. बोलायला कोण आहे?"

त्या खोलीच्या दारावर आयरिशमध्ये एक रंगीत पाटी होती. ती सगळ्यांचं स्वागत करणारी आहे हे मला पुढे काही महिन्यांनी, वाचता यायला लागल्यावर कळलं आणि मी तेव्हा पुन्हा एकदा चिडले. पण त्या दिवशी माझी खरी अडचण वेगळी होती. भांडायचं कसं तेच कळत नव्हतं. पुण्यात असते तर आवाज चढवला असता, समोरच्यानेही चढवला असता आणि काय तो निकाल लागला असता. तिथे आपण आवाज चढवावा तर समोरचा माणूस बिस्किटांची बशी पुढे करतो. मी शक्य तितक्या सावकाश सांगितलं की सोमवारपासून ती आत बसेल. त्यांनी मान डोलावली. मग काळजीने म्हणाले, "ती खूप मागे पडलीय पण. बाकीच्यांना घरून मदत होते. तिला घरी कोण शिकवणार?"

"मी," मी म्हणाले. तेव्हा मला आयरिशचा एक शब्दही येत नव्हता.

त्या शुक्रवारी रात्री नवरा आला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. तो थकलेला असायचा, हे मान्य. पण त्याने जे विचारलं ते मला झोंबलं.

"अगं, मराठी तरी धड येतंय का तिला? ते सोडून आयरिश कुठे घेऊन बसलीस?"

"मराठी येत नाही म्हणून हेही येऊ नये?"

"मला तसं म्हणायचं नाही. उद्या आपण इथे राहिलो तरी तिला त्याचा उपयोग काय?"

"उपयोगासाठी नाही रे. सगळा वर्ग आत आहे आणि आपली मुलगी दाराबाहेर आहे. आत पोवाडे शिकवत असते तरी मी हेच म्हटलं असतं."

मला आयरिशचं प्रेम होतं, असं कुणी समजू नये. प्रेम वगैरे काही नव्हतं. निव्वळ संतापाच्या भरात मी ती भाषा शिकायला घेतली.

पुस्तक आणलं, सीडी आणल्या. त्यातला लिहिलेला शब्द आणि ऐकू येणारा शब्द यांचा एकमेकांशी काही संबंध नसायचा. सोळा अक्षरं लिहायची आणि त्यातली सहा उच्चारायची. मुलगी आत बसायला लागली होती आणि रोज रडकुंडीला येऊन घरी यायची. "यू सेड यूड टीच मी," असं एक दिवस ती मला म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

मग माझ्या साहेबाचं प्रकरण झालं. तो आमच्या क्वालिटी विभागाचा प्रमुख. उंच, मितभाषी, कामात अतिशय काटेकोर. तिकडे साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारतात, त्यामुळे मनातल्या मनात मी त्याला अरेतुरेच करायचे. एकदा सही घ्यायला त्याच्या केबिनशी गेले तर दार लोटलेलं आणि आत तो फोनवर आयरिश बोलत होता. सीडीतल्यासारखं तोलून मापून नव्हे. भराभर, मध्येच हसत, मध्येच वैतागत, आपण आईशी बोलतो तसं. फोनवर त्याची आईच होती. तिचं गाव पश्चिमेला, समुद्राजवळ, जिथे अजून घराघरांत आयरिश बोलतात अशा पट्ट्यातलं. अशा पट्ट्याला ते गेलताख्त म्हणतात.

मी दारातच विचारलं, "मला शिकवशील?"

तो लाल झाला. खोटं बोलताना पकडल्यासारखा लाल. "पोरांना सांगू नकोस," तो म्हणाला. 'पोरं' म्हणजे आमच्याच विभागातले चाळीशीचे इंजिनियर.

तो शिकवायला तयार झाला, पण जेवणाच्या सुट्टीत, छोट्या मीटिंग रूममध्ये, पडदे ओढून. रूमच्या बुकिंगमध्ये तो 'ऑडिटची तयारी' असं लिहायचा. पुढे कितीतरी दिवस सगळा विभाग धास्तावलेला होता, की एवढं मोठं कुठलं ऑडिट येतंय.

तो चांगला शिकवायचा. त्याने मला पहिल्यांदा शिकवलं ते 'दूध' नाही आणि 'पाव' नाही. तो म्हणाला, तुझ्याकडे बघून तुला आधी काय लागेल ते मला कळतंय. ता फॅरग ऊरम. म्हणजे शब्दशः, माझ्यावर राग आहे. मी म्हटलं, अरे, आमच्याकडेही राग येतो. भूक लागते, थंडी वाजते, आठवण येते. माणसाला हे सगळं होतं, तो ते करत नाही. तेव्हापासून ते व्याकरण मला सोपं जायला लागलं. इंग्लिशमधून गेलं की ते उलटं वाटायचं, मराठीतून गेलं की सरळ. संध्याकाळी मी मुलीला तसंच शिकवायला लागले, मराठीतून. तिला मराठी कळत होतं, बोलायचीच काय ती नाही. तिची प्रगती इतकी झपाट्याने झाली की बाईंनी वहीत लाल पेनने शाबासकी लिहिली.

एके दिवशी मी साहेबाला विचारलं, "तुझी मुलं आजीशी काय बोलतात?"

"इंग्लिश. त्यांना हे येत नाही."

"येत नाही म्हणजे? तू बोलत नाहीस त्यांच्याशी?"

तो सँडविचच्या कागदाची घडी घालत बसला. मग म्हणाला, की तो पहिल्यांदा शहरातल्या मोठ्या शाळेत गेला तेव्हा त्याच्या बोलण्याला मुलं हसायची. गुरांचा वास येतो म्हणायची. आपल्या मुलांना ते नको, असं त्याने आणि बायकोने ठरवलं.

"आणि मला शिकवतोस! पडदे ओढून!" माझा आवाज चढला. "तुझ्या तोंडात आयती भाषा आहे आणि ती तू स्वतःच्या पोरांना देत नाहीस. माझ्या पोरीला तर त्या तासाला बाहेर बसवलं होतं. तुम्ही सगळे मिळून करताय तरी काय?"

तो उठून गेला. पुढचे काही आठवडे 'ऑडिटची तयारी' बंद होती. मी माफी मागितली नाही. मग एक दिवस रूम पुन्हा बुक झालेली दिसली आणि आम्ही भूतकाळ शिकायला सुरुवात केली. त्या विषयावर आम्ही परत कधी बोललो नाही.

थोडंफार बोलता यायला लागल्यावर एका शनिवारी मी मुलीला गाडीत घातलं आणि गेलताख्तमध्ये गेले. म्हटलं, चला, खऱ्या लोकांशी बोलू. गावातल्या एकुलत्या एका दुकानात दुकानदार आणि एक म्हातारे आजोबा आयरिशमध्ये गप्पा मारत होते. आम्ही दोघी आत शिरलो आणि गप्पा तुटल्या. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात इंग्लिशमध्ये विचारलं, काय हवंय?

मी आयरिशमध्ये पाव आणि दूध मागितलं. त्याने इंग्लिशमध्ये विचारलं, मोठा पाव की छोटा? मी आयरिशमध्ये छोटा म्हटलं. त्याने इंग्लिशमध्ये हवेबद्दल काहीतरी सांगितलं. मी आयरिशमध्ये हवेबद्दलच उत्तर दिलं. मग तो आजोबांकडे वळून आयरिशमध्ये म्हणाला, "हिने हे कुठून उचललं असेल?"

"कासलबारहून," मी आयरिशमध्ये म्हणाले.

आजोबा खो खो हसले. दुकानदारही हसला, मुलीला एक चॉकलेट फुकट दिलं, आणि किती पैसे झाले ते इंग्लिशमध्ये सांगितलं.

गाडीत मी स्टीअरिंगवर हात आपटला. मुलगी चॉकलेट खात म्हणाली, की तू का चिडलीस, तो किती छान होता. हो, छानच होता. तिथे सगळेच छान असतात. माझा चेहरा पाहिला की त्यांच्या तोंडून आपोआप इंग्लिश येतं, आणि त्यांना वाटतं की ते माझ्यावर उपकार करतायत. वाईट माणसाशी भांडता येतं. या चांगुलपणाशी काय करायचं?

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, शाळेत आयरिशचा सप्ताह होता. मुलगी तोवर वर्गात सगळ्यांत चांगलं वाचायची. मुख्याध्यापकांचा मला कंपनीत फोन आला. स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता.

"ती पहिल्या रांगेत वाचणार आहे," ते उत्साहाने म्हणाले. "तिने तुमचा पारंपरिक पोशाख घातला तर किती सुंदर दिसेल! साडी असते ना?"

याच माणसाने तिला खुंट्यांखाली बसवलं होतं.

"तिला तुमच्या शाळेचा युनिफॉर्म आहे," मी म्हटलं. "बाकीची मुलं तोच घालणार आहेत ना?"

"हो, हो, अर्थात. मी तिलाही विचारलं होतं. वर्गात, आयरिशमध्येच. घालशील का म्हणून."

"मग?"

"नी खाही मे, म्हणाली!" ते हसत सुटले. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्द नाहीत, विचारलेलं क्रियापदच परत द्यावं लागतं. घालशील का? घालणार नाही मी. "आमची मुलं नुसतं 'नो' म्हणतात. हिने भविष्यकाळात, पूर्ण वाक्यात नकार दिला. काय व्याकरण आहे तिचं!"

नकार त्यांना ऐकूच गेला नव्हता, व्याकरण तेवढं ऐकू गेलं. मी फोन ठेवला आणि प्रयोगशाळेत जाऊन हात धुतले, गरज नसताना.

फोटो छापून आला. युनिफॉर्ममध्ये होती ती, पण पहिल्या रांगेत, बरोब्बर मधोमध. खाली लिहिलं होतं, आयरिशच्या प्रेमात पडलेली भारताची चिमुकली पाहुणी. एव्हाना तिला त्या गावात तीन वर्षं झाली होती. पाहुणी! नवऱ्याने कौतुकाने चार अंक जास्त घेतले आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांना पाठवले. मी त्यातला एकही घरात ठेवला नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ती बारा वर्षांची झाली आणि मैत्रिणींबरोबर गेलताख्तमधल्या उन्हाळी कॉलेजला जायचं म्हणून हट्ट धरून बसली. तिकडे मुलं तीन आठवडे गावातल्या घरांत राहतात आणि फक्त आयरिश बोलतात. इंग्लिश बोलताना सापडलं की आधी ताकीद, मग घरी रवानगी. मोबाइल पहिल्याच दिवशी काढून घेतात. रविवारी हॉलमधल्या फोनवरून घरी बोलायला मिळतं.

पहिल्या रविवारी फोन वाजला.

"आई?"

मला आवाज ओळखूच आला नाही. मला 'आई' म्हणून कुणी हाक मारून वर्षं झाली होती.

"आई, मी आहे. इथे रोज बटाटा आहे. सकाळी पण, रात्री पण. पाणी खूप थंड आहे, तरी मी पोहली. मला लोणचं पाहिजे."

"अगं, तू मराठी बोलतेयस!"

"इंग्लिश बोलली तर घरी पाठवतात. मराठीचं कोणी काय नाही सांगितलं."

मी खुर्चीत बसले. ती बोलत राहिली, अडखळत, लिंगं-वचनं सगळी उलटीपालटी करून. घरमालकिणीची गाय, मैत्रिणीचं भांडण, कुणाला तरी चावलेला खेकडा. मध्येच पाठीमागून एका तरुण बाईचा आवाज आला, "गेल्गे! गेल्गे अवान!" आयरिश, फक्त आयरिश. काहीतरी बोलाचाली झाली आणि फोन बंद झाला.

सोमवारी कॉलेजमधून निरोप आला, की तुमच्या मुलीला एक ताकीद देण्यात आली आहे. मी साहेबाला सांगितलं, मी निघतेय. तो म्हणाला, नीट चालव. बाकी काही विचारलं नाही.

सगळ्या रस्त्याने मी वाक्यं जुळवत होते. पोचले तेव्हा बारीक पाऊस पडत होता आणि मुलं पावसातच बॅट-बॉल खेळत होती. कॉलेजचे प्रमुख हॉलच्या दारात उभे होते. रुंद खांद्यांचे, भिजलेला स्वेटर घातलेले. मी नमस्कार-चमत्कार न करता आयरिशमध्येच सुरू केलं.

"माझी मुलगी इंग्लिश बोलली नाही. ती माझ्याशी माझ्या भाषेत बोलली."

"नियम फक्त आयरिशचा आहे," ते म्हणाले. आयरिशमध्ये. "तुमच्या मुलीला परवानगी दिली तर इथे पोलंडचा एक मुलगा आहे, तोही उद्या मागेल."

"मागू दे! त्याला आई नाही का?"

"बाई, बाहेर सगळीकडे इंग्लिश आहे. दुकानात, टीव्हीवर, माझ्या स्वतःच्या भावाच्या घरात. या भाषेला वर्षातले एवढे तीनच आठवडे मोकळे मिळतात. त्यातही मी वाटेकरी आणू?"

त्यांचं म्हणणं मला समजलं, आणि म्हणून मी जास्तच चिडले. "आणि माझी भाषा? माझ्या घरात ती..." मला 'मरतेय' म्हणायचं होतं. शब्द आठवेना. मी हातवारे करत राहिले. त्यांनी तो शब्द मला दिला. दिला आणि मी वाक्य पुरं करायची वाट बघत उभे राहिले. मी तो शब्द घेतला आणि त्याच शब्दाने त्यांच्याशी भांडले.

जवळजवळ अर्धा तास आम्ही त्या दारात भांडत होतो. माझी क्रियापदं चुकत होती, त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, आणि त्यांनी एकदाही इंग्लिश काढलं नाही. माझी दया म्हणून नाही, सोय म्हणून नाही. त्या देशात माझ्याशी तसं पहिल्यांदाच कुणीतरी भांडत होतं. शेवटी ते म्हणाले, रविवारी दहा मिनिटं, माझ्या ऑफिसमधल्या फोनवरून. पोलंडच्या मुलालाही. बाकी वेळी नाही. मी थँक्यू म्हटलं नाही, त्यांनीही चहा विचारला नाही.

उरलेल्या दोन्ही रविवारी ती मराठीत बोलली. एकदा लोणच्याबद्दल आणि एकदा सायकलवरून पडल्याबद्दल.

न्यायला गेले तेव्हा गाडीत मैत्रीणही होती. दोघी आधी आयरिशमध्ये बोलत होत्या, मग गाणी, मग निम्मं इंग्लिश, आणि कासलबार यायच्या आत सगळंच इंग्लिश. घरी आल्यावर मी तिच्यासमोर वरणभात आणि लोणच्याची बरणी ठेवली.

"मराठीत सांग ना गं, तिकडे सांगत होतीस तसं."

"व्हाय?" तिने भातावर तूप ओतलं. "तिथे इंग्लिश बोललं तर घरी पाठवत होते, मॅमी. आता मी घरीच आहे."

एवढं सगळं ती इंग्लिशमध्येच म्हणाली. मला इतका राग आला की मी उठून खिडकीशी गेले. कुणाचा राग, ते मला सांगता आलं नसतं. तिचा नव्हता. ती भात कालवत होती, पायाने टेबल ठोकत होती, आणि लोणचं जरा जास्तच तिखट आहे असं म्हणत होती.